बोटांची चूक

"बाई, पेशंट 'पाय घसरला' म्हणतोय. तुम्ही 'ढकललं' टाइप केलंय."

टायपिस्टबाईंनी हेडफोन लावून रेकॉर्डिंग मागे नेलं. पुरुषाचा थकलेला आवाज : पाय घसरला. अगदी स्वच्छ.

"चुकून झालं, डॉक्टर."

"महिन्यात तिसऱ्यांदा. पेशंट वेगळे, चूक तीच."

या मनोविकारतज्ज्ञांकडे बाई एकोणीस वर्षं पेशंटांचं बोलणं टाइप करत होत्या. लोकांची दुःखं कानांतून बोटांत यायची, बोटांतून कागदावर उतरायची. घरी जाताना त्यांतलं काही सोबत नसायचं. आज मात्र बाईंनी ते रेकॉर्डिंग पुन्हा एकदा मागे नेलं.

त्या नऊ वर्षांच्या असताना धाकटी बहीण गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि गेली. पाय घसरला, असं आई म्हणाली. मग सगळेच तसं म्हणाले. बाई मागच्याच पायरीवर होत्या. धाकटीची सुटलेली वेणी आठवत होती, उजव्या हातात धरलेला कठडा आठवत होता, नंतरचा आरडाओरडा आठवत होता. मधलं काहीच नव्हतं.

"डॉक्टर, आपल्याला ठाऊक नसतं ते बोटांना ठाऊक असतं का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "असू शकतं. पण मन घडलेलं जपून ठेवतं, तसं नुसतं मनात येऊन गेलेलंही ठेवतं. भावंडाचा राग कुणाला येत नाही? बोटं चुकली म्हणजे तो पुरावा होत नाही, बाई."

"मग पुरावा कुठं असतो?"

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

संध्याकाळी आई खिडकीशी बसून मटार सोलत होती.

"आई, धाकटी घसरलीच ना?"

"आज काय हे मध्येच?"

"तू खाली उभी होतीस. सांग ना."

"सगळे तेच म्हणाले."

"तू काय पाहिलंस?"

आई एकच शेंग नखानं उकलत राहिली. मग हळूच म्हणाली, "लहान होतीस गं तू. तुला काय कळत होतं तेव्हा?"

बाई उभ्याच राहिल्या. आई आणखी काहीतरी बोलेल, निदान 'वेडी आहेस का' म्हणेल, म्हणून वाट पाहिली. आईनं पुढची शेंग उचलली.

दुसऱ्या दिवशी टायपिंगच्या खोलीतून नेहमीचा खडखडाट येईना, म्हणून डॉक्टरांनी डोकावलं. बाई कानांना हेडफोन लावून की-बोर्डवर ओणव्या झाल्या होत्या. एक अक्षर दाबायचं, मान वर करून पडद्यावर बघायचं, मगच दुसरं. डावा हात त्यांनी मांडीखाली घट्ट दाबून धरला होता.