ताटावरचा हात

खांदेश्वरच्या त्या वसतिगृहात वाढायची पाळी पोरांवरच असे. सोमवारी आमटी स्वराजकडे होती. आदल्याच दिवशी त्याची आई भेटायला आली होती, आणि ती तुर्भ्याच्या बाजारात झाडू मारते हे कुणीतरी ओळखलं होतं. तेवढं पुरलं. स्वराज बादली घेऊन पंगतीत आला, तसे पोरांनी एकामागून एक ताटावर हात आडवे धरले. पोट भरल्यावर 'पुरे' म्हणून धरतात, अगदी तसे. ताटात मात्र नुसता कोरडा भात होता.

विश्वजितनंही हात आडवा धरला. याच विश्वजितनं बुडणाऱ्या ऋषीला खाडीतून ओढून काढलं होतं आणि शाळेनं त्याला हार घालून मिरवलं होतं. तेव्हा काठावरून सगळी पोरं त्याच्या नावानं ओरडत होती. आज नुसता हात उचलायचा होता, तर तो दगडासारखा जड झाला होता.

स्वराज हटला नाही. प्रत्येक ताटापाशी वाकत, थांबत तो पुढे येत होता.

विश्वजितला स्वतःचीच चीड आली. त्यानं हात काढला. "वाढ. भरपूर वाढ."

"अरे, त्याच्या हातचं खाणार तू?" शेजारचा ऋषी कुजबुजला.

"तुला बाहेर ओढताना माझी जात विचारली होतीस?" विश्वजित सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

ऋषीचा हात मात्र तसाच. स्वराज त्याच्यापुढे वाकला आणि वाफाळता डाव त्या हातावर धरला.

"आमटी गरम आहे," तो शांतपणे म्हणाला. "हात काढ. मी वाढणार आहे."