तीन मिलिमीटरचा फरक

“काकी, आधी प्लग काढा!” अल्पेश गाळ्याच्या दारातूनच ओरडला.

मालनचा हात पात्यापाशीच थबकला. “अरे, बटण बंद आहे की.”

“बटणाचा काय भरवसा? पात्याला हात लावायचा तर प्लग बाहेर पाहिजे. बाकीचं सगळं नंतर.”

मालनने प्लग ओढला आणि तो कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून उभी राहिली. चोपन्न वर्षांची बाई. साकीनाक्याच्या या गाळ्यात तिची तीस वर्षं गेली होती, पण सगळी पॉलिशच्या डब्यांपाशी. लाकूड कापणं नवऱ्याचं, सहदेवचं. तो देव्हारे करायचा. दिवाळीनंतर झोपेतच गेला. त्यानंतर दोन सुतार ठेवून झाले, दोघेही टिकले नाहीत. बाहेरून कापून आणलेल्या फळ्या वाकड्या यायच्या आणि देव्हाऱ्याचं दार बसायचं नाही. शेवटी तिने ठरवलं की कोपऱ्यातली कटर मशीन, टेबलातून गोल पातं वर येतं ती, आपणच चालवायची.

ठरवणं सोपं होतं. विचारायला लागल्यावर तिचं डोकं फिरलं. शेजारच्या गाळ्यातला विकी म्हणाला, “ते झाकणबिकण लावू नका काकी, कापताना काय दिसतच नाय.” मोबाईलवरच्या व्हिडिओतला माणूस म्हणत होता, झाकणाशिवाय मशीनला हात लावू नका. मुलगी रुचिका म्हणाली, “आई, निदान हातमोजे तरी घाल ना.” म्हणून तिने जाडे हातमोजे आणले, तर मशीनदुरुस्तीवाल्या अल्पेशने आल्या आल्या ते काढायला लावले.

“मोज्याचा धागा अडकला तर अख्खा हात आत ओढून घेतं. मोजे नको, बांगड्या नको, पदर नको.”

“मग मी नेसू काय?”

“ते तुम्ही बघा ना काकी. लोंबतं काय नको, एवढंच.”

त्याने मशीनभोवती एक फेरी मारली. सहा वर्षं ती ताडपत्रीखाली होती. सहदेवची डाव्या हाताची दोन बोटं त्या मशीनवर गेली, त्या दिवसापासून त्याने ती पुन्हा सुरू केली नव्हती. हातकरवतीवर भागवायचा, पण ती विकलीही नव्हती. तिच्याबद्दल कधी बोलला नाही की कुणाला तिला हात लावू दिला नाही. मालनला वाटायचं, भीती बसली असेल.

“पात्याच्या मागची पत्ती कुठेय?” अल्पेशने विचारलं.

“कसली पत्ती?”

अल्पेशने बोट उभं धरून दाखवलं. पात्याच्या अगदी मागे, त्याच्याच रेषेत एक पोलादी पत्ती उभी असायला हवी होती. तिथे नुसती खाच होती. मालनने मशीनखालचा खण उघडला. आत पारदर्शक पिशवीत तिने कधी न पाहिलेलं सामान होतं: एक चपटी पत्ती, पात्यावरचं झाकण, फळी ढकलायची काठी. पिशवीचं तोंड कंपनीतून आलं तसंच चिकटवलेलं होतं.

“हे तर कधी फोडलंच नाय,” अल्पेश म्हणाला. “काकी, लाकूड चिरलं ना, की चिरलेले दोन भाग कधीकधी मागून मिटायला बघतात. पातं मध्ये चिमटतं. ही पत्ती त्यांना मिटू देत नाय. ती नसली की पात्याचे मागचे दात फळी उचलतात आणि फेकतात.”

“कुठे?”

“कापणाऱ्यावरच. आणि फळीवरचा हात जातो पात्यात.”

अल्पेश आपल्याच नादात पुढे गेला. फळी जिच्या आधाराने सरकते त्या लोखंडी पट्टीला तो फेन्स म्हणत होता. त्याने पात्याच्या एका दातावर पेनने खूण केली, पुढून त्या दातापासून फेन्सपर्यंतचं अंतर मोजलं. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा मोजलं.

“पुढे शंभर. मागे सत्त्याण्णव.” त्याने तोंडाने च् केलं. “तीन मिलिमीटर आत आहे. म्हणजे फळी जसजशी पुढे जाणार तशी फेन्स आणि पात्यामध्ये आवळली जाणार. हिच्यावर कोण काम करत होतं?”

“हे.”

अल्पेशने मान वर केली. सहदेवची तुटकी बोटं त्याला आठवली असावीत.

“ती नंतर सरकली असेल,” मालन म्हणाली. “एवढी वर्षं पडून आहे.”

“बोल्ट आवळलेला आहे. त्याच्यावर भुसा बसून घट्ट झालाय बघा. पण सांगता नाय येत काकी. त्या दिवशीच्या धक्क्याने पण सरकली असेल.”

त्या दिवशी मशीनच्या पलीकडे अनंत उभा होता. सहदेवचा धाकटा भाऊ. कापून येणारी फळी धरायचं काम त्याचं. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर सहदेव एकच वाक्य बोलला होता, “अनंताने फळी ओढली.” सगळ्यांनी ते खरं धरलं. मालननेही. अनंतनेही. महिन्याभरात तो गाळा सोडून आणि घर सोडून वाकोल्याला गेला, आणि एका बिल्डिंगवर वॉचमन झाला. सहदेवच्या अंत्यविधीला तो आला होता, पण मागेच उभा राहिला.

अल्पेशने पत्ती बसवली, झाकण बसवलं, फेन्स सरळ केली. पातं किती वर ठेवायचं ते दाखवलं: दात फळीच्या थोडेसेच वर यायला हवेत. उभं कुठे राहायचं तेही दाखवलं: पात्याच्या रेषेत नाही, एका बाजूला. मालन मान हलवत होती. पण तिच्या डोक्यात शंभर आणि सत्त्याण्णव हे दोनच आकडे होते.

तिला ठरवता येईना. फेन्स वाकडी आहे हे सहदेवला ठाऊक होतं का? ठाऊक असेल, तर तो सहा वर्षं गप्प बसला. ठाऊक नसेल, तर एवढा हुशार सुतार स्वतःचीच मशीन कधी मोजून न बघता वापरत राहिला. दोन्हींतलं कुठलंही तिला तिचा सहदेव वाटेना. आणि मेलेल्या माणसाचं बाहेर काढून आपण करणार काय, असंही वाटे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती वाकोल्याला गेली. गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर अनंत बसला होता. तिला बघून तडक उभा राहिला.

“वहिनी? रुचिका बरी आहे ना?”

“बरी आहे. भावजी, बसा तुम्ही. मी मशीन चालू करतेय.”

तो बसला नाही. मालनने जे कळलं ते सांगितलं, तिला जमेल तसं. पत्ती, चिमटणं, तीन मिलिमीटर. मधेच चुकली, पुन्हा मागून सुरुवात केली. एका गाडीसाठी गेट उघडायला लागलं. अनंत गेट उघडून, गाडी आत घेऊन, वहीत नंबर लिहून परत आला.

“पण मी ओढली होती,” तो म्हणाला.

“काय?”

“फळी. थोडी ओढली होती वहिनी. अडकल्यासारखी वाटली म्हणून. मला आठवतंय ना.”

“अडकली होती ती फेन्समुळे!”

“असेल.” त्याने टोपी काढून पुन्हा घातली. “मग मी ओढली म्हणून झालं, की अडकली म्हणून?”

“तेच तर मला कळत नाहीये, भावजी. अल्पेश म्हणतो, नक्की सांगता येत नाही.”

“दादाक ठाऊक होता?” घरची बोली त्याच्या तोंडून आपसूक आली.

मालनला खोटं बोलता आलं असतं. दोन्ही बाजूंनी. “मला नाय ठाऊक,” ती म्हणाली. “तुम्ही आलात कधी की हे तोंड फिरवायचे, एवढंच मी बघितलं. मला वाटायचं राग आहे. आता वाटतं, रागच होता की दुसरं काही.”

अनंतने गेटची कडी लावून घेतली. मग म्हणाला, “सहा वर्षं मी लाकडाला हात लावला नाय. घरात खिळा मारायचा तरी शेजाऱ्याला बोलावतो.”

“रविवारी या,” मालन म्हणाली. “पहिली फळी लांब आहे. पलीकडून आधार द्यायला माणूस पाहिजे.”

“मी?”

“दुसरं कोण आहे?”

तो हो म्हणाला नाही. पण रविवारी सकाळी अकराच्या सुमारास गाळ्याच्या बाहेर चपला काढत होता. मालनने रुचिकाचा पंजाबी ड्रेस घातला होता, बिनओढणीचा, बाह्या कोपराच्या वर. ते बघून तो थोडा हसला आणि लगेच गंभीर झाला. मशीनपलीकडे जाऊन उभा राहिला.

“ओढू नका,” ती म्हणाली. “नुसती खालून धरा. ढकलणार मी.”

“हो.”

“अडकली वाटली तरी ओढू नका. मला सांगा. मी बंद करीन.”

“हो, वहिनी.”

तिने बटण दाबलं. आवाज एवढा मोठा होता की क्षणभर तिला सगळं विसरल्यासारखं झालं. मग ती बाजूला सरकली, फळी फेन्सला टेकवली आणि सावकाश पुढे लोटली. सागवानाचा वास सुटला. शेवटच्या हातभर अंतराला तिने हात मागे घेऊन काठी लावली. पलीकडे अनंतचे उघडे तळवे फळीखाली होते, ओढत नव्हते. फळी मोकळी होऊन त्याच्या हातांवर आली.

मालनने मशीन बंद केली. पातं भिरभिरत मंदावलं आणि थांबलं.

अनंतने कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एक डोळा मिटून त्याने फळी उजेडात धरली.

“सरळ आलीय,” तो म्हणाला.

फळी भिंतीला लावून ठेवून तो दाराशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. गल्लीतून एक टेम्पो जाईपर्यंत मालन थांबली, पण तिने त्याला हाक मारली नाही. पुढची फळी आखूड होती, एकटीने ढकलता येण्यासारखी. तिने ती उचलली, फेन्सला टेकवली आणि बटण दाबलं.