व्हर्नन हॅलमचं मत

मी चहाची किटली आहे. घरात चौघांना पुरते तसली नाजूक, फुलाफुलांची नव्हे. ॲल्युमिनियमची, पोट सुटलेली, दोन मुठींची. एक मूठ मागे आणि दुसरी पुढे, तोटीच्या वर. भरल्यावर मला एका हाताने उचलणं कुणाला जमायचं नाही. माझ्याकडे बघून आजवर कुणी ‘किती छान’ म्हटलेलं नाही. ‘आहे का अजून त्यात?’ एवढंच विचारतात. उभं आयुष्य त्या एका प्रश्नावर गेलं.

जन्म बर्मिंगहॅमकडच्या एका कारखान्यातला. तिथलं एवढंच आठवतं, की फार ठोकलं होतं. तिथून पेंढ्यात गुंडाळून मला क्रॉबेकच्या कापडगिरणीत पाठवलं. गिरणीच्या कॅन्टीनमध्ये नोरा हॉवर्थ नुकतीच कामाला लागली होती. पहिल्या दिवशी तिने मला उचललं, माझ्या वजनाने ती पुढे झुकली आणि म्हणाली, “अगं बाई, तू तर माझ्या सासूसारखी आहेस.” तेव्हा तिचं लग्नही व्हायचं होतं.

तिथेच मी सफदरला पहिल्यांदा चहा दिला. पाकिस्तानातल्या डोंगराळ गावातून तो सुतकताईच्या यंत्रांवर कामाला आला होता. पहिला घोट घेतला आणि त्याने असं तोंड केलं, जणू कुणी भांडी धुतलेलं पाणी दिलंय. नोराने ते तोंड पाहिलं, त्याच्या कपात आणखी दूध ओतलं, साखर घातली आणि पुढे सरकली. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्याच रांगेत उभा राहायचा.

गिरणी बंद पडली त्या दिवशी सगळे जण काही ना काही घेऊन घरी गेले. कुणी खुर्ची, कुणी घड्याळ. नोराने मला आपल्या लेकीच्या बाबागाडीत घातलं, वर दुपटं पांघरलं आणि फाटकातून बाहेर काढलं. पहारेकऱ्याने डोकावून पाहिलं. “बाळ बापावर गेलंय वाटतं,” म्हणाला आणि फाटक उघडलं.

पुढे मी गावच्या सभागृहात आले. दर मंगळवारी तिथे गावातली म्हातारीकोतारी जमतात, सूप पितात, आल्याचा केक खातात आणि माझ्यातला चहा संपवतात. मध्ये एकदा विजेचा बंब आला, तेव्हा मला कपाटावर टाकून दिलं. कोळ्यांनी माझ्या तोटीत संसार थाटला. मग बंब बिघडला, दुरुस्ती परवडेना, आणि नोरा शिडी लावून मला खाली घेऊन आली. कपाटावर टाकल्याचा राग धरायचं माझं वय तोवर उलटून गेलं होतं.

निवडणूक आली की याच सभागृहात मतपेटी ठेवतात. त्यामुळे बऱ्याच निवडणुका मी पाहिल्या. मजूर पक्ष, हुजूर पक्ष, पिवळे बिल्लेवाले उदारमतवादी, सगळ्यांना चहा मीच पाजला. उत्तर सुचलं नाही की माणूस बिस्कीट चहात बुडवतो. हरलेला माणूस साखर जास्त घालतो. आणि ‘मला राजकारणात रस नाही’ म्हणणाऱ्याचा चहा हमखास गार होतो, कारण त्यालाच सगळ्यात जास्त बोलायचं असतं.

मंगळवारचं एक टेबल ठरलेलं होतं. व्हर्नन हॅलम, क्लिफ कॅटलो आणि सफदर. व्हर्ननचं बाजारात मटणाचं दुकान होतं; वडिलांपासून हुजूर पक्षाचा. क्लिफ बस चालवायचा. मजूर पक्षाचा इतका, की घराचं दार लाल, मोजे लाल. दोघं एका बाकावर शिकलेले. दर निवडणुकीला हातात हात घालून मतदानाला यायचे.

“चल, माझ्या मताने तुझं मत मारून येऊ,” व्हर्नन म्हणायचा.

“आधी तुझं मारतो, मग बघू,” क्लिफ म्हणायचा. मग माझ्यातला चहा घेत दोघं एकमेकांना पावसाने झोडपावं तसे झोडपायचे आणि सोबतच घरी जायचे.

गिरणीनंतर सफदर टॅक्सी चालवायला लागला. तो कधी याला, कधी त्याला मत द्यायचा आणि दोघांनाही सांगायचा, “तुलाच दिलं रे.”

परवाच्या उन्हाळ्यातली निवडणूक मात्र वेगळी होती. उन्हाळा नावाला, पाऊस थांबत नव्हता आणि छतातून गळणाऱ्या पाण्याखाली नोराने बादली ठेवली होती. माणसंही तशीच, गळून गेलेली. पूर्वी निवडणूक म्हटलं की टेबलं वाजायची. त्या वर्षी माना हलायच्या.

“डॉक्टर मिळत नाही, दाताचा डॉक्टर तर पाहिल्याला वर्षं झाली,” क्लिफ म्हणाला. “सात नंबरची बस बंद. मी चालवली ती बस! आता आमचे लोक म्हणतात बदल करू. काय बदलणार ते विचारलं की आधीच्यांकडे बोट दाखवतात.”

“म्हणजे तू देणार नाहीस त्यांना?” नोरा माझी तोटी पुसत होती.

“देणार. न देऊन जाऊ कुठे? पण पूर्वी देताना छाती फुगायची. आता बिल भरल्यासारखं वाटतं.”

व्हर्ननने खिशातून एक पत्रक काढून टेबलावर ठेवलं. “मी यंदा ह्या नव्या पक्षाच्या लोकांना देणार. आमच्यांनी चौदा वर्षं नुसतं झुलवलं. हे निदान मोठ्याने बोलतात. बाहेरची माणसं किती यायची त्याला काही सुमार? दवाखान्यात जा, रांग. घर मागा, रांग.”

सफदर चहा ढवळत होता. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत होता.

“तुला नाही रे म्हणत,” व्हर्नन घाईने म्हणाला. “तू आपल्यातला.”

“कधीपासून?” सफदरने विचारलं.

“काय कधीपासून?”

“आपल्यातला कधी झालो? मला कुणी कळवलं नाही.”

“आता शब्दात पकडू नकोस.”

“बरं, नाही पकडत. माझा जावई मागच्या वर्षी आला. म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करतो. तुझी बहीण तिथेच आहे ना? तिला सकाळी उचलून आंघोळ कोण घालतं, माहितीये तुला? तो. मग तो कुणातला? आपल्यातला की रांगेतला?”

“मी माणसांबद्दल बोलतच नाहीये, सफदर. मी धोरणाबद्दल बोलतोय.”

“तुझं धोरण उद्या माझ्याच दारावर थाप मारेल, तुझ्या नाही.”

क्लिफने नेहमीप्रमाणे विनोद करून पाहिला. “हलाल नाही म्हणून याच्या दुकानातून तू कधी काही घेतलं नाहीस, त्याचा सूड आहे हा. तुझ्यामुळेच बुडालं ते.”

कुणी हसलं नाही. सफदरने टोपी घातली, नोराला मान लववली आणि दाराबाहेर गेला. कप भरलेला तसाच. क्लिफ खुर्चीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला. नोराच्या हातात मी होते, भरलेली. व्हर्नन त्या पत्रकाकडे बघत राहिला. मागे कुणीच गेलं नाही.

सगळे गेल्यावर व्हर्नन कप विसळायला थांबला. तसं तो कधी करायचा नाही; बायको होती तेव्हाही.

“माझी आयरीन स्वैपाकघराच्या फरशीवर गेली, नोरा. ॲम्ब्युलन्सची वाट बघत. येतोय, येतोय म्हणत राहिले.”

“ठाऊक आहे मला. मी होते की तिथे.”

“मग कुणावर ओरडू मी? सांग ना. कुणीतरी असायला हवं.”

नोराने कप त्याच्या हातातून घेतला. “असेल कुणी. पण तो सफदरचा जावई नाही. तो तेव्हा या देशातसुद्धा नव्हता.”

व्हर्नन कोट चढवून गेला. पुढच्या मंगळवारी टेबलावर एकटा क्लिफ होता. सफदर आला नाही, आणि त्या दिवसापासून क्लिफने बोलणं टाकलं म्हणून व्हर्ननही आला नाही.

मग मतदानाचा दिवस उजाडला. सकाळी सफदर आला, मत दिलं आणि चहाच्या खिडकीकडे न बघता निघून गेला. दुपारी क्लिफ आला. हातात हात घालायला कुणी नव्हतं. एकटाच मत देऊन आत माझ्याशेजारी चहा घेत बसला. तेवढ्यात काठी टेकत, धापा टाकत व्हर्नन आला.

मतदारयादीच्या टेबलामागची बाई म्हणाली, “फोटो असलेलं ओळखपत्र, व्हर्ननकाका.”

“अगं, आईचं बोट धरून तू माझ्या दुकानात सॉसेज घ्यायला यायचीस. माझं तोंड ओळखत नाहीस?”

“ओळखते हो. पण तोंड चालत नाही, कार्ड लागतं. नवा नियम.”

व्हर्ननने खिसे चाचपले. फोटो असलेला बसचा पास दुसऱ्या कोटात राहिला होता आणि घर वर, चढावर. त्याच्या छातीला तो चढ दुसऱ्यांदा झेपणारा नव्हता. तो चहाच्या खिडकीजवळच्या खुर्चीत मटकन बसला. “राहू दे. एका मताने काय होतंय.”

“बरं झालं,” क्लिफ आतून म्हणाला. “तेवढंच एक कमी.”

व्हर्नन काठीच्या मुठीकडे बघत बसला. एरवी त्याने एवढ्यावर अर्धा तास भांडण काढलं असतं. क्लिफने एक घोट घेतला, मग आणखी एक. मग कप खाली ठेवला.

“कुठल्या कोटात?”

“तुला काय करायचंय?”

“तपकिरी की निळा?”

“...निळा. दारामागच्या खुंटीवर.”

“किल्ली दे.”

“क्लिफ, तुझे गुडघे...”

“गुडघ्यांना तुझा पक्ष कळत नाही. किल्ली दे म्हणतो ना.”

आणि आयुष्यभर लाल मोजे घातलेला तो माणूस, आपल्या पक्षाविरुद्ध पडणाऱ्या एका मतासाठी, भर पावसात तो चढ चढायला निघाला. नोरा दारात उभी राहून बघत होती. माझ्यातला चहा कडू होत होता.

पुढचं क्लिफने नंतर नोराला सांगितलं, म्हणून मला कळलं. अर्ध्या चढावर तो भिंतीला टेकून थांबला होता. एक टॅक्सी शेजारी येऊन उभी राहिली.

“मरायचंय का म्हाताऱ्या? बस आत,” सफदर म्हणाला.

क्लिफ बसला आणि लगेच खरं ते बोलला. “व्हर्ननचा पास आणायला चाललोय. उतरवायचं असेल तर इथेच उतरव.”

सफदरने गाडी बंद केली. काचेवरून पाणी ओघळत होतं. मग त्याने पुन्हा किल्ली फिरवली.

“मी तुझे गुडघे बघून थांबलो होतो,” तो म्हणाला. “गुडघे अजून तसेच आहेत.”

व्हर्ननच्या दारापाशी तो पास येईपर्यंत थांबला.

क्लिफ इतक्या लवकर परतलेला पाहून व्हर्नन चकित झाला. “आलास कसा?”

“गाडी मिळाली.”

व्हर्ननने रस्त्याकडच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. टॅक्सी अजून तिथेच होती. पास हातात घेऊन तो उठला. वाटलं, टेबलाकडे जाईल. पण तो दाराकडे गेला, टोपी न घालता, काठी खुर्चीलाच विसरून. गाडीच्या काचेपाशी उभा राहिला. काच उघडली नाही. तो तसाच उभा, पाणी मानेवरून कोटात जात असलेलं. मग काच थोडी खाली सरकली. तो वाकून काहीतरी बोलला. आतून काय उत्तर आलं, आलं की नाही, ते मला ठाऊक नाही. काच वर गेली आणि गाडी निघून गेली.

व्हर्नन निथळत आत आला, पास दाखवला, कागद घेतला आणि फळ्यांच्या आडोशाला गेला. फार वेळ लागला त्याला. एक खूण करायला इतका वेळ लावलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. टेबलामागची बाई दोनदा मान लांब करून बघून गेली. शेवटी तो आला आणि घडी केलेला कागद पेटीत सोडला.

“कुणाला दिलंस?” क्लिफने विचारलं.

“तुझ्या आजीला,” व्हर्नन म्हणाला आणि कपासाठी हात पुढे केला. नोराने मला नेहमीपेक्षा सावकाश वाकवलं.

सरकार बदललं. क्रॉबेकमध्ये छत तसंच गळत राहिलं, सात नंबरची बस काही सुरू झाली नाही. सफदर उन्हाळाभर आला नाही. झाडांची पानं गळून गेल्यावर एका मंगळवारी आला, पण दुसऱ्या टेबलावर बसला. व्हर्नन आपला कप घेऊन तिथे गेला आणि उभाच राहिला.

“तुझ्या जावयाचं नाव काय?”

सफदरने कप खाली ठेवला. “आदिल.”

“आदिल,” व्हर्नन म्हणाला. “गेल्या रविवारी बहिणीच्या आश्रमात मी त्याला ‘अहो, जरा’ म्हणून हाक मारली. मला नावच ठाऊक नव्हतं.”

“आता कळलं ना. यापुढे जे काही बोलायचं ते त्याच्याशी बोल.”

“बसू का?”

“खुर्ची सभागृहाची आहे. मी कोण नको म्हणणारा?”

तो बसला. दोघं हवेबद्दल बोलले, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलले. पूर्वीसारखं हसणं काही आलं नाही. अजूनही येत नाही. कधी क्लिफ त्यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसतो आणि दोघांनाही शिव्या देतो, तेव्हा जरा बरं वाटतं.

व्हर्ननने मत कुणाला दिलं, ते मला आजही माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही उरलेली नाही. आता मला पोचे पडलेत, मागची मूठ सैल झालीय, नोराची मनगटं दुखतात. हे सभागृह विकायचं घाटतंय, असं ऐकते. मग मी कुठे जाईन, भंगारात की कुणाच्या बागेत फुलझाड लावायला, कोण जाणे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. थकलेय मी.

एवढंच सांगते. निवडणुका येतील, तुम्ही भांडाल. भांडा, मी पुष्कळ भांडणं पचवलीत. पण भरला कप ठेवून कुणी उठून गेलं, तर चहा ओतायचा थांबवा आणि त्याच्या मागे जा. त्याच क्षणी जा. नंतर फार पावसात उभं राहावं लागतं.