दोन ‘आहे’

साखराबाईने कणकेचा गोळा परातीत आपटला आणि विचारलं,

“मग मेलेलं माणूस कशात धरायचं? पहिल्यात ना?”

तिच्या मेसवर संध्याकाळी चाळीस पोरं जेवायला यायची. अख्खं लातूर डॉक्टरकीच्या क्लासमागे धावत होतं आणि हिची लेक पुनम मात्र मोबाइलवर स्पॅनिश शिकत बसली होती. त्या भाषेत म्हणे ‘आहे’ दोन. कायमच्या गोष्टींना एक, आज आहे उद्या नाही अशांना दुसरं.

“न्हाई ना, तीच तर गंमत हाय,” पुनम हसली. “मेलेल्याला दुसरं लावत्यात.”

साखराबाईचं तोंड उतरलं. तिच्या नवऱ्याची, शेषेरावांची, पहिली बायको रुद्राणी भूकंपात ढिगाऱ्याखाली गेली, त्याला बावीस वर्षं झाली होती. साखराबाईच्या संसाराला वीस. मेलेल्या बाईवर जळू नये, हे तिला कळत होतं. कळूनही ती जळत होती. शेषेराव रुद्राणीचं नावही काढत नसत, आणि तेच हिला जास्त झोंबे. जिवंत सवत असती तर निदान झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. या मेलेलीचं काय करणार? ती ना म्हातारी होत होती, ना तिचे गुडघे दुखत होते, ना तिच्या हातून भाजीत मीठ जास्त पडत होतं. आणि आता परक्या मुलखातली माणसंसुद्धा तिला कायमची गेली म्हणायला तयार नव्हती.

“आन् बायकोला? बायकोला कोणतं?”

“पहिलं. कायमचं.”

साखराबाईला जरा बरं वाटलं. तिने पोळपाट पुढे ओढला.

तेवढ्यात शेषेराव भाजीची पिशवी घेऊन आले. पुनमने वही उघडली.

“बाबा, एक वाक्य सांगा बरं. ‘माझी बायको’पासून सुरू करायचं. शेवटी ‘आहे’ आलं पाहिजे.”

“आता हे काय नवीन?” वांगी टोपलीत ओतत ते म्हणाले. “माझी बायको उंच हाय. घे.”

पुनमचं पेन थांबलं. साखराबाई शेषेरावांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

शेषेरावांच्या काहीच ध्यानात आलं नाही. दोडकं आज लई स्वस्त भेटलं, असं सांगत ते पाय धुवायला मोरीकडे गेले.

“आई,” पुनम हळूच म्हणाली, “मी दुसरं वाक्य घेते.”

“कशाला?” साखराबाईने लाटणं थांबवलं नाही. “हेच लिही. आन् पहिलं लाव. उंची काय बदलत न्हाई.”