पुरातला हसरा चेहरा

डबा हळू उघडा, मित्रांनो. मी एक जुनी सिनेमाची फीत आहे. माझ्यावर एका महापुराची खरीखुरी दृश्यं आहेत. पूर आला तेव्हा कुणी धाडसी माणसानं ती टिपली. पुढे बऱ्याच वर्षांनी ती जोडून, त्यांना सारंगीची साथ देऊन मला घडवलं. वाहून जाणारी छपरं, झाडांवर बसलेली माणसं, आणि कमरेला दोर बांधून लोकांना काढायला पाण्यात उतरणारा एक तरुण. उतरण्याआधी तो वळून हसतो.

१९७४ साली सरकारी गाडीतून मी गावोगाव हिंडले. यंत्र चालवणारे मदनसिंग मला लेकीसारखं जपत. कामरगावला माणसं ढसाढसा रडली, तेव्हा मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. तेव्हा मला अक्कल कमीच होती!

मग इंझोरी आली. दिवेलागणीनंतर शाळेच्या भिंतीवर पडदा बांधला. तो तरुण वळून हसला आणि बायकांतून तुळसाबाई ताडकन उठल्या.

"अवं, हे तर विमलचे बाबूजी!" नवऱ्याचं नाव त्या घेत नसत.

"जगदेवच हाय!" गाव ओरडलं.

जगदेव त्याच पुरात गेला होता. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. विमल तेव्हा आईच्या पोटात होती. सोळा वर्षांच्या त्या पोरीनं बापाचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

मदनसिंगांनी मला उलटी फिरवून पुन्हा लावलं. पण ते हसू पापणी लवेपर्यंत संपलं.

"भाऊ, जरासक थांबवा न त्यायले," तुळसाबाईंनी हात जोडले.

"बाई, दिव्यापुढं थांबली का फीत जयते."

"एकच डाव. पोरीनं बाप पाह्यलाच नाही."

कळत असूनही मदनसिंगांनी यंत्र थांबवलं. सारंगीही थांबली. पडद्यावर जगदेव उभा राहिला.

"माय, नाक माह्यंच हाये!" विमल म्हणाली.

तेवढ्यात मला चटका बसला. त्या चेहऱ्यावर तपकिरी डाग उमटला, पसरला, आणि पडदा पांढराफटक झाला. मदनसिंग डोळे पुसू लागले.

"तुमी कायले रडता, भाऊ?" तुळसाबाई म्हणाल्या. "पाह्यला न तिनं."

जळका भाग कापूनच फीत जोडावी लागते. मदनसिंगांनी त्याच्या शेजारचा बोटभर चांगला तुकडाही कापला. त्यात जगदेव हसत होता. कागदात गुंडाळून त्यांनी तो विमलच्या हाती ठेवला.

"कंदिलापुढं धरजो, दिसंल. पण लय जवळ नको."

सरकारी मालाला कात्री लावली म्हणून पुढे त्यांना साहेबांची बोलणी खावी लागली. माझी सारंगी तिथं आजही अडखळते.

आता डबा गंजलाय, अंगाला आंबूस वास येतो, आणि मला कुणी पाहत नाही. वाईट वाटतं हो. मित्रांनो, घरातले जुने फोटो कोरड्या जागी ठेवा, मागे माणसांची नावं लिहा. ज्यांचा फोटो नाही, त्यांचा आजच काढून घ्या.

मी उद्या विरून जाईन. पण माझा बोटभर तुकडा इंझोरीत आहे, आणि विमल त्याला कुणाला हात लावू देत नसेल.