आम्ही क्लबचे नाही, बसचे

मी गळाची काठी बोलतेय. दारामागे छत्री आणि फरशी पुसायच्या दांड्याच्या मधे उभी असते ना, तीच. येता-जाता तुमचा धक्का लागतो आणि तुम्ही म्हणता, "हे काय मधेच!" पण घटकाभर थांबलात, तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे माझ्याकडे. कोपऱ्यात उभं राहणाऱ्याला घरातलं सगळं ऐकू येतं, आणि मला मेलीला ऐकायची भारी हौस.

आधी एक गैरसमज दूर करते. पुलावर लोक धरून बसतात ती जाड काठी मी नव्हे. तिच्या गळाला गांडूळ लावतात, शिसं बांधतात, पाण्यात सोडतात आणि गप्पा मारत बसतात. माझ्या गळाला पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन असं नाहीच. म्हणून माझी दोरी जड. ती आधी मागे उडवायची, हवेत सरळ होऊ द्यायची, मग पुढे सोडायची. की माशी पाण्यावर अलगद टेकते. फ्लाय फिशिंग म्हणतात ते हेच. एवढासा खेळ, पण त्यावरून माणसांची 'ते' आणि 'आपण' अशी वाटणी होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. डोळे म्हणजे माझ्या अंगावरच्या या तारेच्या कड्या, ज्यांतून दोरी ओवतात.

माझा जन्म एका दुकानामागच्या शेडमधला. कारागीर बांबू चिरायचा, त्याच्या पट्ट्या रंध्याने तासायचा आणि त्या एकमेकींना चिकटवून काठी करायचा. त्याची बायको वार्निशचा शेवटचा हात द्यायची. धूळ बसू नये म्हणून ती डोक्याला फडकं बांधून, श्वास धरून ब्रश फिरवायची. माझं अंग वाळल्यावर ती म्हणाली, "चांगल्या घरी पड गं बाई." चांगलं घर म्हणजे काय, ते काही तिने सांगितलं नाही.

मी पडले दातांच्या डॉक्टरांच्या घरी. काचेचं कपाट, आत मऊ कापडाचं अस्तर. डॉक्टर स्वभावाने गरीब. दिवसभर दवाखाना करायचे आणि सुट्टीला मला घेऊन क्लबच्या नदीवर जायचे. नदी सगळीकडे एकच, पण तेवढ्या तुकड्याला कुंपण होतं, फाटक होतं, फाटकाची किल्ली सभासदांकडे. आतली मंडळी खिसेच खिसे असलेली जाकिटं घालायची आणि हळू आवाजात बोलायची. कोणती माशी लावणं शोभतं आणि कोणती शोभत नाही, यावर तासन्‌तास चर्चा. मासा धरायचा, कौतुकाने बघायचा आणि सोडून द्यायचा. गांडूळ हा शब्द तिथे कोणी उच्चारत नसे. खोटं कशाला बोलू, शिष्टपणा होता. मीही त्यांच्यात राहून नाकाने कांदे सोलायला शिकले होते.

पुढे डॉक्टरांची नजर अधू झाली. गाडी चालवणं बंद झालं. क्लब लांब, तिथे बस जात नाही. मग ते मला एका लांबट डब्यात घालून शहरातली बस पकडायला लागले. तिचा शेवटचा थांबा नदीकाठी आहे. तिथे ना कुंपण ना फाटक. बस वळवायची मोकळी जागा, एक बाक, एक नळ, आणि उतार उतरलं की पाणी.

तिथेच ड्रायव्हर भेटला. गाडी बंद करून, परतीचे प्रवासी जमेपर्यंत तो पाय मोकळे करत असे. एक दिवस त्याने विचारलंच.

"साहेब, या डब्यात काय असतं हो? पडद्याचा दांडा?"

"काठी आहे. मासे धरायची."

"मग रोज मासळी असेल घरी."

"छे. सोडून देतो मी."

"मग धरता कशाला?"

"बघायला," ते म्हणाले.

ड्रायव्हर हसला नाही. उतारावर बसून तोही बघत राहिला. काही दिवसांनी डॉक्टरांनी मला त्याच्या हातात दिलं. स्टिअरिंग धरून घट्टे पडलेला हात, पण काय सांगू, हिसका म्हणून नाही! दोरी मागे गेली, सरळ झाली, मगच त्याने ती पुढे सोडली.

"घाई करत नाही तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

"घाई केली तर म्हातारी माणसं पडतात हो बसमध्ये."

मला तेव्हा कळलं की या खेळाला लागतं काय. जाकीट नाही, किल्ली नाही. लागतो तो मोकळा वेळ. तो डॉक्टरांकडे भरपूर होता आणि ड्रायव्हरकडे फक्त बस सुटेपर्यंतचा. श्रीमंती-गरिबी म्हणायची तर ती तिथे होती.

डॉक्टर गेले. नंतर एकदा डॉक्टरीणबाई त्याच बसने शेवटच्या थांब्यापर्यंत आल्या आणि मला ड्रायव्हरच्या हातात दिलं.

"अहो बाई, एवढी भारी वस्तू..."

"क्लबवाले मागत होते. काचेत लावून ठेवू म्हणाले. काचेत तर ती माझ्याकडेही होती. तुम्ही घ्या."

झालं! मी आले दोन खोल्यांच्या घरात. आणि ड्रायव्हरने मला कपाटामागे लपवलं.

लपवलं ते मेव्हण्याच्या भीतीने. हा मेव्हणा म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. वेल्डिंग करतो, म्हणून अख्खी गल्ली त्याला वेल्डर म्हणते. ड्रायव्हरच्या लग्नाआधीपासून हे दोघं पुलावर गळ टाकून बसणारे. लग्न जमलं तेही पुलावरच; गळ पाण्यात सोडून वेल्डरच म्हणाला होता, "माझ्या ताईला बघता का?" सुट्टीचा दिवस, दोन जाड काठ्या, गांडुळांचा एक डबा आणि संध्याकाळी ताईच्या तव्यावर मासे. यात कधी खंड नाही. पण वेल्डरला क्लबचा भारी राग. तरुणपणी चुकून कुंपणाच्या आत गेला, तर तिथल्या कोणी त्याचा गांडुळांचा डबा पाण्यात फेकून दिला होता. तेव्हापासून तो आमच्यासारख्यांना "माशा मारणारे" म्हणतो.

बायकोपासून मात्र काय लपणार?

"अहो, कपाटामागे हे काय आहे?"

"पडद्याचा दांडा."

"आपल्याकडे पडदा कुठाय?"

तिने डबा उघडला, मला बाहेर काढलं, माझ्यावरून बोट फिरवलं आणि परत ठेवलं. "बरं. त्याला नका सांगू एवढ्यात," म्हणाली. दोघांच्या मधे पडायची तिला सवय होती.

मग वेल्डरच्या छातीचं ऑपरेशन झालं. दणकट माणूस, पण घरी आला तो उशीच्या अभ्र्यासारखा पांढरा. तोंडाची चव गेली, जेवण नको म्हणायचा. ताई रोज डबा न्यायची आणि तसाच परत आणायची. आणि एक दिवस तो आपणहून म्हणाला, "भाऊजींनी धरलेला मासा खाईन."

घरात काय आनंद झाला! ताईने सकाळीच तवा घासून ठेवला. पण नेमकी पुलाची डागडुजी चाललेली. दोन्हीकडे पत्रे ठोकलेले, पाय ठेवायला जागा नाही. शेवटच्या थांब्याजवळ पाणी उथळ आणि पारदर्शक. तिथे गांडुळाचा गळ टाकला की शिशाच्या डुबुक आवाजानेच मासे पळतात. ड्रायव्हर कपाटासमोर थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने मला बाहेर काढलं.

वेल्डरही हट्टाने सोबत आला. बसमध्ये त्याने डब्याकडे बघितलं. "हे कोणाचं?"

"डॉक्टरसाहेबांचं होतं. आता माझं."

"अस्सं." ते 'अस्सं' मला लागलं हो.

वेल्डर बाकावर शाल घेऊन बसला. ड्रायव्हर पाण्यात उतरला. बराच वेळ काहीच नाही. मग माशी एका दगडाच्या सावलीत टेकली आणि पाणी फुटलं. मी अशी वाकले की माझ्याच पट्ट्या कुरकुरल्या. अंगावर ठिपके असलेला, हातभर मासा! बाकावरून वेल्डर ओरडला, "सोडू नका, भाऊजी, सोडू नका!" कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आला होता.

ड्रायव्हरने मासा जवळ आणला. ओल्या हाताने धरला. गळ काढला. आणि डॉक्टरांसोबत नेहमी करायचा तसंच, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून, पाण्याखाली हलकेच धरून, हात उघडले.

मासा गेला.

हातांनीच केलं ते, माणसाला पत्ताच नव्हता. रिकामे तळवे बघून तो तसाच ओणवा राहिला.

"भाऊजी," वेल्डर म्हणाला, "तो माझा होता."

"अरे, चुकून... सवयीने..."

"सवय? ही सवय कधी लागली? कोणाबरोबर लागली?" त्याला धाप लागत होती. "आपण खायला धरतो. खेळायला धरतात ते पोट भरलेले. तुम्ही कधी तिकडे गेलात, मला कळलंसुद्धा नाही."

ड्रायव्हरने पुन्हा पुन्हा दोरी टाकली. पण माणूसच घाई करायला लागला की मी तरी काय करणार? रिकाम्या हातांनी परत निघाले दोघं. आणि बसमध्ये चढताना, ज्या माणसाने आयुष्यभर बसची दारं सांभाळून लावली, त्याचं माझ्याकडे लक्ष राहिलं नाही. मला डब्यात घालायचंही तो विसरला होता. त्या दिवशी बस चालवणाऱ्या दुसऱ्या ड्रायव्हरने दार लावलं. कट्‌कन आवाज आला. माझा शेंडा तुटून पायरीवर पडला.

ड्रायव्हरने तिकडे बघितलंही नाही. वाकून तो तुकडा उचलला वेल्डरने, आणि खिशात टाकला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर सुट्ट्या आल्या नि गेल्या. वेल्डर फिरकला नाही, हा गेला नाही. ताई डबा घेऊन जायची आणि यायची.

"जेवला का?" ड्रायव्हर विचारायचा.

"तुम्हाला काय करायचंय? जाऊन बघा."

"तो मला साहेब म्हणाला असता तर चाललं असतं गं. पोट भरलेला म्हणाला."

"मग भरलेलं नाहीये का तुमचं? माझ्या हातचं खाताय इतकी वर्षं." ताईने डबा ओट्यावर आपटला. "त्याला मासा गेल्याचं काही नाही. तुम्ही त्याच्याशिवाय काहीतरी शिकलात, त्याचं आहे. लपवायचं कशाला होतं? नवीन बायको केल्यासारखं!"

कपाटामागे मला बाई हसूच आलं. ड्रायव्हरला आलं नाही. तो बराच वेळ चप्पल घालून दारात उभा राहिला, मग चप्पल काढून आत आला. पण दुसऱ्या दिवशी गेला. मी सोबत नव्हते, म्हणून तिथे काय बोलणं झालं ते सांगू शकत नाही, आणि याची मला अजून चुटपुट आहे. एवढं खरं, की संध्याकाळी जिन्यात दोघांची पावलं वाजली. वेल्डर धापा टाकत, कठडा धरत आला आणि खुर्चीत बसला. त्याने खिशातून माझा शेंडा काढला.

"लोखंडाची असती तर एका ठिणगीत जोडली असती," तो म्हणाला. "ही कसली बया! ताई, दोरा आण."

ताईने शिलाईच्या डब्यातून दोरा आणला. निळा, तोच मजबूत होता. ड्रायव्हरने गोंद लावला, वेल्डरने तुकडे धरले, ताईने दोरा गुंडाळला. वार्निश करणाऱ्या त्या बाईनंतर इतका वेळ श्वास धरून मला कोणी हात लावला नव्हता.

"आता दाखवा," वेल्डर म्हणाला. "बघू तरी काय भानगड आहे."

वेल्डरचा पहिला दिवस विचारू नका. त्याने मला हातोड्यासारखं धरलं. माशी एकदा झाडात, एकदा बाकाला, एकदा ड्रायव्हरच्या कॉलरला. "घाई नको करूस!" "मी कुठे करतोय? तुमची कॉलरच मधे येतेय!" त्या दिवशी ड्रायव्हरला एक मासा लागला. तसा मध्यमच. त्याने तो ओल्या हाताने धरला, हात पाण्याखाली गेले, आणि थांबले. त्याने मागे वळून बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय? मासा तुमचा," वेल्डर म्हणाला.

"नाही. हा तुझा."

त्या संध्याकाळी ताईचा तवा तापला. वेल्डर काटे वेचून जेवला, ताट पुसून जेवला. ताई पाठ करून उभी होती. डोळे पुसत होती की कांदा चिरत होती, ते मला दारामागच्या माझ्या नव्या जागेवरून दिसलं नाही. जेवता जेवताच ठरलं: पहिला मासा ताटातला, बाकीचे पाण्यातले.

आता अडचण एवढीच, की तो पहिला काही लवकर येत नाही.

मधे एकदा क्लबचे एक गृहस्थ चालत चालत तिथवर आले. खिशांचं जाकीट, हळू आवाज. त्यांनी मला ओळखलं असावं. निळ्या दोऱ्यावर त्यांची नजर अडली. "कोणत्या क्लबचे आपण?"

वेल्डर पाण्यात उभा होता. "आम्ही क्लबचे नाही," तो म्हणाला. "बसचे."

गृहस्थ हसले. मग म्हणाले, "जरा टाकून बघू का?" वेल्डरने ड्रायव्हरकडे बघितलं, मग मला त्यांच्या हातात दिलं आणि वर बजावलं, "घाई करू नका." डबा फेकल्याची गोष्ट त्याने काढली नाही. विसरला असेल असं मात्र मला वाटत नाही. कुंपण अजून आहे, फाटकही आहे. ते काही माझ्या सांगण्याने पडणार नाही.

आता मी आधीपेक्षा बोटभर आखूड झालेय. वार्निश जागोजागी उडालंय. काचेचं कपाट गेलं आणि छत्रीचा शेजार आला. तिला पाण्याचं वावडं नाही, आमचं बरं जमतं. ड्रायव्हर आता निवृत्त झालाय, वेल्डर अर्धा दिवसच काम करतो. मोकळा वेळ दोघांनाही उशिराच मिळाला, पण मिळाला.

तुमच्याकडे एकच मागणं. कधी शेवटच्या थांब्यावर उतरलात आणि दोघं जण एकाच काठीवरून भांडताना दिसले, तर लांबून बघून जाऊ नका. हे आपल्यातलं नाही, असं मनात आणू नका. मागा मला. देतील ते. फक्त परत बसमध्ये चढताना, तेवढा माझा शेंडा आधी आत घ्या.