वीस मिनिटांचा फलक

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. सध्या माझ्या अंगावर शेण सुकतंय. नाकं मुरडू नका, ऐका.

धुळ्याबाहेरच्या एका धावपट्टीच्या फाटकाशी मला उभं केलं. रंगारी अतिकने निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: 'धुळे ते जळगाव. हवाई अंतर ९० किलोमीटर. उड्डाण २० मिनिटे.' काय अक्षर होतं हो! पाहुणे आले, हार पडले, फोटो निघाले. विमानसेवा सुरू होणार म्हणे! माझ्यावर एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त विमान नव्हतं.

राखणदार चिंधाभाऊंचा माझ्यावर भारी जीव. रोज फडक्याने पुसायचे. त्यांच्या मुलीला, कोकिळेला, जळगावजवळच्या असोद्याचं स्थळ आलं, तेव्हा बायको भिकुबाई अडून बसली, "एकुलती एक पोर शे, इतली दूर देवाव नही." चिंधाभाऊंनी तिला माझ्यापुढे उभं केलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून आकड्यावर बोट ठेवून वाचून दाखवलं. "येडी, वीस मिनिटनी वाट शे! अडीनडीले साहेब आपले इमानमा बसाडतीन. मी फाटकवर शे ना!"

भिकुबाईने मला हळदकुंकू लावलं आणि हो म्हणाली. मी फुगलो, खोटं कशाला बोलू?

लग्नानंतर दीड वर्ष ये-जा एसटीनेच झाली. भिकुबाई शेजारणींना सांगायची, इमान अडीनडीसाठी राखून ठेवलंय.

मग श्रावणातल्या एका सकाळी जावई कुंदनचा फोन आला. बाळंतपणात कोकिळेचं रक्त थांबत नव्हतं. जळगावच्या दवाखान्यात ती सारखी आईला हाक मारत होती. लगेच निघा, म्हणाला.

भिकुबाई स्टँडवर गेलीच नाही. गाठोडं घेऊन माझ्या सावलीत येऊन बसली. "इमान कव्हय ई?"

चिंधाभाऊंनी तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. पण त्या दिवशी एक पुढारी विमानाने येणार होते. "दुपारले ई. साहेबले इचारस," म्हणाले आणि इस्त्रीचा गणवेश नीट करायला लागले. दुपारपर्यंत चार बसगाड्या निघून गेल्या असतील.

विमान आलं, बरं का! पुढारी उतरले, टाळ्या झाल्या. भिकुबाई गाठोडं घेऊन धावली. धावपट्टीच्या साहेबांनी चिंधाभाऊंकडे नुसतं पाहिलं. आणि त्या माणसाने काठी आडवी धरली. स्वतःच्या बायकोला साहेबी मराठीत म्हणाला, "मागे व्हा, बाई." साहेबांना विचारलंसुद्धा नाही हो मेल्याने!

पुढाऱ्यांना सोडून रिकामं विमान जळगावकडे उडालं. वीस मिनिटांत पोचलंही असेल. माझा आकडा खरा होता.

भिकुबाई बसने संध्याकाळी पोचली. कोकिळा दुपारपर्यंत दाराकडे बघत होती, कुंदनने सांगितलं. मग गेली. बाळही गेलं.

पुढे वादळात मी पडलो. फाटकाशी नवा फलक लागला, त्यावर अठरा मिनिटे लिहिलंय. चिंधाभाऊ त्यालाही पुसतात. त्यांच्याशी भिकुबाई एक शब्द बोलत नाही. मला तिने घरी ओढत आणलं आणि आता रोज माझ्यावर गोवऱ्या थापते. वाचता तिला अजून येत नाही, पण नवऱ्याने बोट ठेवलं होतं ती जागा पाठ आहे. पहिला गोळा ती तिथेच आपटते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं सांगायची आमच्यात रीत आहे. मी नाही सांगणार. कुणी अंतर वाचून दाखवलं, तर न्यायला कोण येणार ते आधी विचारा. आणि कधी पावसाने हे शेण धुऊन निघालं, तर मला पुसू नका.